काटा ६० वर, फोन म्हणतो ५४ : मोटारसायकलच्या मीटरचा दोष शोधायचा कसा?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. गाडी १०० सीसीची, पुढं ८०/१००-१८ टायर, ड्रम ब्रेक, काट्याचं मीटर, केबल पुढच्या हबातून, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागातून येते. काटा ६० वर धरला की फोनच्या जीपीएसवर ५४ दिसतात. पुढचा टायर घासत आलाय. गॅरेजवर सांगितलं की मीटर गेलंय, अख्खं बदला. बदलायचं तर बदलू, पण आधी कळायला हवं की चूक काट्याची, केबलची, टायरची की फोनची. घरच्या घरी हे कसं तपासायचं? आणि ६० ला ६ चा फरक चालण्यासारखा आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावं, आपल्याकडं जुन्या गाड्या खूप आहेत आणि सगळ्यांना हेच सांगितलं जातं.

पाना_१२_१३
भाऊ, मीटर इतक्यात बदलू नका.

त्या डब्यात दोन वेगळी यंत्रं आहेत हे आधी लक्षात घ्या. केबलच्या वरच्या टोकाला डब्यात एक लोहचुंबक फिरतं. त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, चुंबकाला न टेकता. चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी चुंबकामागं ओढली जाते. तिला मागं खेचायला घड्याळात असते तशी केसाएवढी बारीक स्प्रिंग असते. दोन्हीकडची ओढ जिथं सारखी होते तिथं काटा थांबतो.

किलोमीटरचे आकडे मात्र त्याच केबलवरून नुसत्या दात्यांच्या चाकांनी फिरतात. तिथं चुंबकही नाही आणि स्प्रिंगही नाही.

म्हणून आकडे बरोबर आणि काटा चुकीचा, तर दोष डब्यात. दोन्ही सारख्याच टक्क्यांनी चुकत असतील तर दोष खाली, म्हणजे टायर नाहीतर हबातला गिअर. आणि केबलवर खापर फोडायचं असेल तर थांबा. केबल कोरडी पडली की काटा थरथरतो, तुटली की शून्यावर पडतो. कायम ६ जास्त दाखवणं हे केबलचं काम नव्हे.

सरळरेषा
पाना भाऊंनी मूळ मुद्दा सांगितला. आता मोजायचं कसं ते सांगतो.

आकडे तपासायला रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड वापरा. राष्ट्रीय महामार्गावर दगडाचा माथा पिवळा, राज्य मार्गावर हिरवा. तुळजापूर-लातूर-नांदेड हा ३६१ क्रमांकाचा किंवा सोलापूर-धाराशिव-बीड-छत्रपती संभाजीनगर हा ५२ क्रमांकाचा, जवळचा कोणताही घ्या. एका किलोमीटरवर भागत नाही, किमान २० धरा. पुढच्या चाकाचा एक्सल पहिल्या दगडाच्या रेषेत आणून गाडी थांबवा, मीटरवरचा शेवटचा, दशांशाचा आकडा लिहून घ्या. २० किलोमीटरवर पुन्हा तसंच. गावाला बाह्यवळण झालंय तिथं दगडांचा हिशेब तुटलेला असू शकतो, तेवढा पट्टा टाळा.

काटा तपासायला पाच किलोमीटर पुरतात. काटा ६० वर धरायचा, मागं बसलेल्याने घड्याळ लावायचं. १८००० ला सेकंदांनी भागा, खरा वेग निघतो. बरोबर ३०० सेकंद लागले तर ६०. ३३३ लागले तर ५४. फोनची गरजच नाही. पहाटेची वेळ निवडा, रस्ता मोकळा असतो आणि मध्ये ब्रेक मारावा लागत नाही. एकदा जाताना, एकदा येताना.

गोदातीर
फोनवर भरवसा ठेवूच नये असं माझं मत. ढग आले की चुकतो, झाडीत चुकतो. दगडच खरे.

सरळरेषा
गोदातीर, जागा दाखवण्यात फोन पाच-दहा मीटर इकडंतिकडं होतो हे खरं. वेगाचं तसं नाही. उपग्रहाच्या लहरींची वारंवारता गाडीच्या वेगामुळं किंचित सरकते, त्यावरून वेग काढला जातो. उघड्या सरळ रस्त्यावर, वेग स्थिर असताना तो एखाद्या किलोमीटरच्या आत बरोबर येतो. आणि ढगांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते दाट झाडी, पुलाखालून जाणं, घाटाची वळणं यांनी, आणि वेग कमी-जास्त करत राहिलं तर. आकडा एक-दोन सेकंद मागं असतो ना. दहा सेकंद काटा हलू द्यायचा नाही, मग बघायचं.

फोन हँडलला बांधून ठेवू नका मात्र. मोटारसायकलच्या थरथरीनं आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं अ‍ॅपलनंच २०२१ मध्ये सांगितलं होतं. मार्ग नोंदवणारं अ‍ॅप चालू करून फोन खिशात टाका, वेग घरी आल्यावर वाचा. रस्त्यावरची नजरही हटत नाही.

औसा_वेस
समृद्धीवर गेलं तर? इतका सरळ आणि रिकामा रस्ता दुसरा नाही.

पाना_१२_१३
समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, औसा_वेस. तिकडं नको.

बालाघाटी
६ चा फरक चालतो का, याचं उत्तर. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ११७ प्रमाणे गाडीला स्पीडोमीटर हवाच. किती फरक चालेल याचा जगात सर्वाधिक चालणारा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली ३९ चा : मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही, जास्त दाखवायचं तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर एवढंच. खरा वेग ५४ असेल तर ५.४ अधिक ४, म्हणजे ६३.४ पर्यंत काटा जाऊ शकतो. तुमचा ६० त्यात बसतो.

हा हिशेब नव्या गाडीचा, कंपनीच्या मापाच्या टायरसह. पण त्यामागचं कारण जुन्या गाडीलाही लागू आहे. कारखान्यातून काटा मुद्दाम थोडा पुढं ठेवतात. टायरचं माप, हवा, स्प्रिंगची ताकद प्रत्येक गाडीत किंचित वेगळी असते, आणि त्यातली एकही गाडी कमी दाखवणारी निघता कामा नये. धोका कमी दाखवणाऱ्या मीटरचा आहे. काटा ७० आणि गाडी प्रत्यक्षात ७६, हे ब्रेक मारताना कळतं.

मांजराकाठ
मनापासून आभार. रविवारी पहाटे मोजतो. टायर घासल्यानं किती फरक पडत असेल?

चाक_आणि_चेन
हिशेब सोपा आहे. ८०/१००-१८ म्हणजे रिम १८ इंच, ४५७ मिमी. टायरची उंची ८० च्या १०० टक्के, ८० मिमी, वर आणि खाली मिळून १६०. व्यास ६१७ मिमी. नक्षी ५ मिमी घासली की व्यास १० नं कमी, म्हणजे १.६ टक्के. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं, मीटर जास्त दाखवतं. ५४ ला जेमतेम ०.९. तुमचा ६ चा फरक एकट्या टायरचा नाही.

याच पद्धतीनं माप बदलण्याआधीच हिशेब करता येतो. ८०/१००-१८ काढून ९०/९०-१८ टाकला तर व्यास ६१९, फरक ०.३ टक्के, विसरून जा. ९०/१००-१८ टाकला तर ६३७, मीटर ३ टक्क्यांनी कमी दाखवायला लागतं. १९ इंची पुढच्या चाकाच्या बुलेटला ९०/९० च्या जागी १००/९० टाकणारे बरेच आहेत, तिथं ६४५ चे ६६३ होतात, पावणेतीन टक्के. टायरवाला "बसतो" म्हणाला म्हणजे मीटरला बसतो असं नाही.

कागदावरच्या हिशेबापेक्षा प्रत्यक्ष माप बरं. तक्त्याप्रमाणे हवा भरा. फरशीवर व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून खडूची खूण करा, एकानं गाडीवर बसायचं, दुसऱ्यानं सरळ ढकलायचं, चाकाचे पाच फेरे मोजून पुन्हा खूण. टेपनं मोजा, पाचनं भागा. वजनानं टायर दबतो म्हणून हा आकडा नेहमी हिशेबापेक्षा थोडा कमी येतो, आणि तोच खरा.

काळीरान
आपल्या भागाचं एक कारण कुणी लिहिलं नाही : काळी माती. पावसाळ्यात शिवाराच्या रस्त्यानं गाडी गेली की ती चिकट माती पुढच्या हबावर लिंपली जाते, वाळली की दगडासारखी होते. मीटरचा गिअर ब्रेकच्या झाकणातच असतो, त्याच्या सीलपाशी बारीक खडे शिरतात. वर्म (मळसूत्रासारखे दाते असलेला गिअर) लोखंडी, पण त्यावर चालणारा पिनियन (छोटा गिअर) पुष्कळ गाड्यांत नायलॉनचा. त्याचे दाते आधी झिजतात. मग मध्येच घसरतो, काटा एकदम खाली येतो, परत चढतो आणि आकडेही मागं पडतात. वर लोक धुलाईच्या पंपाचा फवारा थेट हबावर धरतात. पाणी आत, ग्रीस दुधासारखं पांढरं.

पावसाळा संपला की, खंडेनवमीला गाडी पुजायच्या आधी, पुढचं चाक एकदा उतरवा. वर्म-पिनियन रॉकेलनं धुऊन कोरडं करा, दाते उजेडात धरून बघा, नवं ग्रीस शेंगदाण्याएवढं पुरे. ड्रमच्या आत ग्रीसचं बोट लागू देऊ नका, ब्रेक लायनरला लागलं तर ब्रेक गेला.

पाना_१२_१३
काळीरान, अगदी बरोबर. त्याच जागेची दुसरी गोष्ट : पुढच्या चाकाचं पंक्चर काढलं आणि दुसऱ्या दिवशी मीटर बंद. गिअर फिरवणाऱ्या पत्र्याच्या चकतीला दोन कान असतात, ते हबाच्या दोन खाचांत बसावे लागतात. न बसवता एक्सल आवळला की कान चेपतात. म्हणून नट शेवटचा आवळायच्या आधी चाक हातानं फिरवायचं आणि केबलची तार फिरते का बघायचं, एवढी दहा सेकंदं द्या. त्याच वेळी ब्रेकच्या झाकणाची खाच शॉकअपच्या दांड्यावरच्या खुंटीत बसली आहे ना, तेही बघा. ती सुटली तर मीटरचं सोडा, ब्रेक दाबल्यावर झाकणच फिरतं आणि चाक जाम होतं.

उदगीर_किल्ला
माझ्या गाडीचा काटा ४० ते ५५ मध्ये नाचतो. आकडे बरोबर पडतात. केबल बदलू का?

पाना_१२_१३
आधी काढून बघा, ताई/दादा जे असाल ते. वरचा आणि खालचा नट सोडा, आतली तार ओढून घ्या. तारेवरून हलकं बोट फिरवून बघा : एखादा पदर तुटून वर आला असेल, तार कुठं वाकली असेल किंवा टोकाचा चौकोन गोल झाला असेल तर नवी घ्या. नाहीतर रॉकेलनं पुसा आणि खालच्या भागाला पातळ ग्रीसचा हात फिरवा. वरची वीतभर तार कोरडीच ठेवा. ही चूक फार होते. केबलीत ग्रीस ठासून भरलं की फिरत्या तारेबरोबर ते वर चढतं आणि डब्यात चुंबक आणि वाटीच्या मध्ये जातं. मग वाटी नुसत्या चुंबकानं ओढली जात नाही, ग्रीसनंही ओढली जाते. काटा जास्त दाखवतो आणि थांबल्यावर सावकाश खाली येतो.

बसवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, केबल ताणता कामा नये आणि हेडलाइटमागं मुरगळता कामा नये.

बालाघाटी
उन्हाचाही भाग असतो. अ‍ॅल्युमिनियम तापलं की त्यात वीज कमी वाहते, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. परभणीची डिसेंबरातली पहाट १० अंशांच्या आसपास, मेची दुपार ४२. बत्तीस अंशांच्या फरकात वाटीची ओढ १२ टक्क्यांपर्यंत घटायला हवी. तशी घटत नाही, कारण चांगल्या मीटरात चुंबकाजवळ खास मिश्रधातूची पट्टी असते. थंडीत ती चुंबकाची काही शक्ती स्वतःकडं वळवते, तापली की सोडून देते, म्हणून काटा जागेवर राहतो. स्वस्तातल्या नकली मीटरात ही पट्टी असेलच असं नाही. म्हणून म्हणतो, चांगलं जुनं मीटर काढून हलकं नवं बसवणं हा सौदा नेहमी फायद्याचा नसतो.

गोदातीर
हे माहीत नव्हतं. धन्यवाद बालाघाटी. फोनबद्दलचं मतही मागं घेतो.

अंबड_नाका
डिजिटल मीटर असलेल्यांनी काय करायचं? मध्येच शून्य होतं, पुन्हा येतं.

चाक_आणि_चेन
त्यात केबल नसते, चाकापाशी सेन्सर असतो आणि तो दर फेऱ्याला ठरावीक ठोके पाठवतो. मध्येच शून्य म्हणजे बहुतेक वेळा वायर. हँडल वळताना वाकते ती जागा आणि हेडलाइटमागचा जोड, दोन्ही बघा. जोडात हिरवट गंज असेल तर साफ करा. हँडल वळवल्यावरच शून्य होत असेल तर तिथंच वायर तुटली आहे.

डिजिटल मीटर कायम ठरावीक टक्क्यांनी चुकत असेल तर सेन्सर कुठं आहे ते आधी बघा. पुढच्या चाकावर असेल तर चेनसेट बदलल्यानं मीटरला काहीच होत नाही. काही गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवर असतो. तिथं पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दात्यांचं चाक) १४ दात्यांचं १५ केलं की गाडी त्याच फेऱ्यांत ७ टक्के जास्त पळते आणि मीटरला पत्ता नसतो. ही कमी दाखवण्याची चूक, म्हणजे धोक्याची.

ठोके कमी-जास्त करणारी यंत्रं बाजारात मिळतात. किती टक्के द्यायचे? खरा वेग भागिले मीटरचा वेग, त्यातून १ वजा, गुणिले १००. मीटर ८०, खरा ७४ : उणे ७.५. पण घाई करू नका. बहुतेक गाड्यांत वेग पुढं ठेवलेला असतो आणि किलोमीटर जवळपास बरोबर असतात. ठोके कमी केले की वेग सुधारतो आणि किलोमीटर साडेसात टक्क्यांनी बुडतात. मायलेजचा हिशेब चुकतो, ऑइल बदलायची वेळ लांबते. आणि एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरच्या वायरीत असलं काही कधीही जोडू नका.

मांजराकाठ
मोजून आलो. औसा ते लातूरच्या पुढं, जाऊन-येऊन.
आकडे : दगडांप्रमाणे २०, मीटरवर २०.३.
काटा : ३० ला खरा २५, ४५ ला ४०, ६० ला ५४.
आणि एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. गाडी उभी असताना काटा शून्यावर नसतो, ५ च्या रेघेवर असतो.

पाना_१२_१३
मिळालं की उत्तर!

आकड्यांत दीड टक्का जास्त, तो घासलेल्या टायरचा. चाक_आणि_चेन यांनी १.६ काढलाच होता. म्हणजे हब, गिअर, केबल ठणठणीत. काट्याचा फरक ५, ५, ६. वेग दुप्पट झाला तरी फरक तेवढाच. स्प्रिंग ढिली पडली असती तर तो वेगाबरोबर वाढत गेला असता, ३० ला ३ आणि ६० ला ६ असा. सगळीकडं सारखा फरक म्हणजे काट्याची सुरुवातच ५ नं पुढं सरकली आहे. उरलेला एखादा किलोमीटर टायरचा.

आता एकच बघा. मीटरखालचा केबलचा नट सोडा, केबल बाजूला करा. काचेवर बोटानं हलकं टिचका. काटा शून्यावर गेला तर आत ग्रीस चढलंय. ५ वरच राहिला तर काटा दांडीवर सरकलाय.

मांजराकाठ
केबल काढून बघितलं. ५ वरच आहे. टिचकल्यावर थरथरतो आणि परत तिथंच येतो. तार वरपर्यंत कोरडी आहे.

काळीरान
मग काटा सरकलाय. खराब रस्त्याच्या हादऱ्यानं होतं, किंवा आधी कुणी डबा उघडला असेल तरी होतं. काटा दांडीवर नुसता दाबून बसवलेला असतो. डबा उघडून काढायचा आणि शून्यावर बसवायचा, दहा मिनिटांचं काम.

बालाघाटी
काळीरान, इथं माझं मत वेगळं. काच धरणारी कडा पत्र्याची दाबलेली असते. ती पेचकसानं उचकटली की पुन्हा तशी बसत नाही, पहिल्याच पावसात काचेत वाफ धरते. आणि काटा उपसताना दांडी वर खेचली गेली तर केसाएवढी स्प्रिंग वाकते. ती वाकली की मग खरंच मीटर बदलावं लागतं. काटा जास्त दाखवतोय, नियमात बसतोय, आकडे बरोबर आहेत. राहू द्या.

काळीरान
गॅरेजवर पेचकसानं करू नये हे मान्य. पण जिल्ह्याच्या ठिकाणी मीटर दुरुस्त करणारे असतात, ते कडा गोल फिरवत उचलतात आणि परत दाबून रबरासकट बसवतात. त्यांच्याकडं मीटर तपासायचं फिरतं यंत्रही असतं. जपानी पद्धतीच्या पुष्कळ मीटरांना केबलचे मिनिटाला १४०० फेरे दिले की काटा ६० वर यायला हवा. ते समोर लावून बघायला सांगा. यंत्र नसेल तर तिथून उठा.

सरळरेषा
१४०० वरून आठवलं, हे घरीही पडताळता येतं. पुढचं चाक उचलून ठेवा, केबल मीटरकडून सुटी करा, तारेच्या टोकाला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा. चाक पुढच्या दिशेनं सावकाश दहा फेरे फिरवा. ६० च्या वेगाला मिनिटात एक किलोमीटर होतो, म्हणजे केबलचे किलोमीटरला १४०० फेरे; या मापाच्या टायरला किलोमीटरला सव्वापाचशे फेरे लागतात, म्हणून झेंडा २५ ते २७ वेळा फिरायला हवा. फार वेगळा आला तर हबात दुसऱ्या गाडीचा गिअर बसलाय. जुनी गाडी घेताना ही तपासणी जरूर करा.

मांजराकाठ
ठरवलं. टायर या महिन्यात बदलायचाच आहे, त्याच मापाचा टाकतो. मीटर तूर्त तसंच. काचेच्या कडेला तीन बारीक रेघा मारून ठेवल्यात : खऱ्या ४०, ५० आणि ६० साठी. काळीरान दादांनी सांगितला तसा यंत्र असलेला माणूस लातुरात सापडला तर काटा बसवून घेईन.

चाक_आणि_चेन
नवा टायर टाकल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून हवा तपासा आणि पुन्हा त्याच २० किलोमीटरच्या पट्ट्यावर आकडे बघा, २० च्या अगदी जवळ यायला हवेत. रेघाही अर्धा-एक किलोमीटर सरकतील.

बालाघाटी
आणि कधी अख्खं मीटर बदललंच, तर जुन्याचे किलोमीटर बिलावर आणि सर्व्हिस बुकात तारखेसह लिहून घ्या, जुन्या मीटरचा फोटोही ठेवा. नवं मीटर शून्यापासून सुरू होतं. गाडी विकताना घेणाऱ्याला दोन्हींची बेरीज दाखवता आली पाहिजे.